माणिक घेताय? रंग कसा बघायचा आणि ट्रीटमेंट कशी ओळखायची, नाशिकमधल्या नवख्या गिऱ्हाईकांसाठी

माणिक घ्यायला निघालात की दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, "ताई, एकदम नॅचरल आहे, सर्टिफिकेट सोबत देतो." हे वाक्य बऱ्याचदा खरंही असतं, पण त्यातून तुम्हाला हवं ते कळत नाही, कारण खडा जमिनीतून निघालाय का हा एक प्रश्न आहे आणि निघाल्यानंतर त्याच्यावर काय काय केलंय, म्हणजेच ट्रीटमेंट, हा दुसरा. किंमत ठरते ती दुसऱ्या प्रश्नावर. काच भरलेलं माणिकसुद्धा मूळ जमिनीतलंच असतं, म्हणून त्याला नॅचरल म्हणणारा माणूस तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नाही आणि तुम्ही मात्र शंभरपट जास्त पैसे मोजू शकता.

सासूबाईंसाठी माणकाची अंगठी करायची होती तेव्हा मी सराफ बाजारापासून कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नरपर्यंतची दुकानं फिरले, मुंबईच्या लॅबचे रिपोर्ट वाचायला शिकले, त्यातून जे समजलं ते क्रमाने लिहितेय. घाई असेल तर निदान ३, ५ आणि ८ नंबर तरी वाचून जा.

सोबत काय न्यायचं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सराफ त्याला आय ग्लास म्हणतात. दुकानात असतंच, पण स्वतःचं असलं की हात बसतो
- दोन-तीन कोरे पांढरे कागद
- लहान टॉर्च, मोबाईलचा चालेल
- ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च (असली तर, नसली तरी अडत नाही)
- पॅन कार्ड, कारण २ लाखांच्या वरच्या खरेदीला ते लागतंच
- वही-पेन. प्रत्येक खड्याचं वजन, माप, भाव आणि दुकानदार ट्रीटमेंटबद्दल काय म्हणाला ते तिथल्या तिथे लिहा, तीन दुकानं झाली की सगळं एकमेकांत मिसळतं

आणि अंगात पांढरे किंवा फिक्या रंगाचे कपडे घाला. लाल-गुलाबी साडी किंवा कुर्त्याचा रंग खड्यात उतरतो, आणि माणकाच्या बाबतीत तो नेमका तुम्हाला फसवणाऱ्या बाजूने उतरतो.

१. आधी कशासाठी घेताय ते ठरवा

पत्रिकेसाठी, दागिन्यासाठी की पुढे विकता येईल म्हणून, या तिन्हींसाठी लागणारा खडा वेगवेगळा असतो.

पत्रिकेसाठी घेणाऱ्यांना सहसा "सव्वा पाच रत्ती, दोष नसलेलं, तापवलेलं नको" असं सांगितलेलं असतं. आता एवढ्या वजनाचं, स्वच्छ, लालभडक आणि न तापवलेलं माणिक म्हणजे लाखांच्या पुढचं काम आहे. बजेट वीस-पंचवीस हजार असेल तर या चारही गोष्टी एकत्र मिळणार नाहीत, आणि कोणी मिळतील म्हणत असेल तर त्यातली एखादी गोष्ट खरी नाही. अशा वेळी गुरुजींशी सरळ बोला, की वजन कमी चालेल का, किंवा अपारदर्शक भारतीय माणिक चालेल का. कर्नाटक, ओडिशा इकडची माणकं बहुतेक अपारदर्शक असतात, घुमटाकार घासलेली मिळतात आणि परवडतात. माझं मत विचाराल तर मोठ्या काचभरल्या खड्यापेक्षा लहान पण काही न केलेला खडा केव्हाही बरा.

दागिन्यासाठी घेत असाल तर फक्त तापवलेलं माणिक घ्यायला काहीच हरकत नाही, जगातली बहुतेक चांगली माणकं तापवलेलीच असतात.

२. सुटा खडाच बघा

तयार अंगठीतलं माणिक शक्यतो नको. बंद कोंदणात खड्याच्या पाठीमागे चकचकीत वर्ख ठेवता येतो, रंग लावता येतो, आणि चिरा सोन्याखाली झाकल्या जातात. वजनही नीट करता येत नाही. सुटा खडा पुडीतून काढून पांढऱ्या कागदावर ठेवायला सांगा. पुडीच्या आतला कागद पिवळा असेल किंवा खडा पितळी ताटलीत ठेवून दाखवत असतील तर तेवढ्यावर रंग ठरवू नका, पिवळ्या पार्श्वभूमीवर माणकातली जांभळट झाक दबते.

घरातलं जुनं माणिक आहे म्हणजे खरंच असणार असं खूप जण धरून चालतात. ऑग्युस्त वर्नुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने भट्टीत माणिक बनवायची पद्धत १९०२ सालीच जाहीर केली होती, आणि ती माणकं लवकरच जगभर पोचली. त्यामुळे आजीच्या नथीतलं किंवा कुड्यांमधलं माणिक शंभर वर्षांचं आणि तरी भट्टीतलं असू शकतं. दागिना जुना असणं वेगळं, खडा खाणीतला असणं वेगळं.

३. दुकानाच्या दिव्याखाली रंग ठरवू नका

ही पायरी सगळ्यात जास्त जण गाळतात आणि रंगाचा सगळा घोळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माणिक म्हणजे कोरंडम, ॲल्युमिनियम ऑक्साईडचं स्फटिक, त्यात थोडं क्रोमियम असतं म्हणून ते लाल. हे क्रोमियम दोन कामं करतं, एक म्हणजे बाकीचे रंग शोषून लाल तेवढा बाहेर सोडतं, आणि दुसरं म्हणजे निळा-हिरवा प्रकाश किंवा यूव्ही पडला की स्वतःहूनही लाल उजळतं. म्हणून प्रकाश कुठला आहे त्यावर माणिक फार बदलतं. दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाईटमध्ये लाल भाग मुळातच जास्त असतो, त्याखाली साधं गुलाबी-जांभळट माणिकही लालबुंद दिसतं. याच्या उलट काही पांढऱ्या एलईडी पॅनलमध्ये लाल भाग कमी असतो, तिथे चांगला खडा उगाच मलूल वाटतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

मग करायचं काय, तर खडा तीन उजेडांत बघायचा.

पहिला, सावलीतला दिवसाचा उजेड. सकाळी साधारण ११ ते दुपारी ३ पर्यंत, थेट ऊन न पडणारी जागा. सराफ बाजारातल्या गल्ल्या अरुंद आहेत, जुने वाडे दोन्ही बाजूंनी उंच, त्यामुळे आतल्या काउंटरवर दिवसाचा उजेड पोचतच नाही. दुकानाच्या दारापाशी या आणि सांगा की इथे बघायचंय, त्यांचा माणूस सोबत उभा राहील. या मागणीचा कोणाला राग यायचं कारण नाही, खड्यातला जाणकार दुकानदार स्वतःच दारात घेऊन येतो. जो अजिबातच नाही म्हणतो त्याच्याकडे मी तरी घेणार नाही.

दुसरा, थेट ऊन, अगदी थोडा वेळ. उन्हात खडा आतून पेटल्यासारखा दिसला तर त्यात लोह कमी आहे, कारण लोह हा उजाळा मारून टाकतं. बर्माच्या मोगोकची माणकं यासाठीच नावाजली गेली. थायलंडच्या माणकात लोह जास्त, म्हणून ती उन्हातही काहीशी गप्प आणि काळपट राहतात, बाजारात त्यांना बँकॉक माणिक म्हणतात. पण उन्हातला रंग हा खड्याचा रोजचा रंग नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरा, घरातला पिवळा दिवा, कारण अंगठी संध्याकाळी लग्नकार्यात घालणार असाल तर तिथे ती कशी दिसेल ते कळायला हवं.

सावलीतल्या उजेडात जो रंग दिसला तो खरा धरा. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ गच्च असतं तेव्हा माणकं जरा उदास दिसतात, पण त्या उजेडातही ज्या खड्याचं पाणी टिकतं तो खडा वर्षभर छान दिसणार. (गोदेला पाणी वाढलं की मात्र तिकडे जाऊ नका, सराफ बाजारात पाणी शिरतं आणि लोक माल हलवायच्या धावपळीत असतात, तेव्हा कोणाला खडे दाखवायला वेळ नसतो.)

डोळ्यांचंही बघा. लागोपाठ लाल खडे बघत राहिलं की डोळे लालला सरावतात आणि सगळेच सारखे वाटायला लागतात. मध्ये पांढऱ्या कागदाकडे, बाहेर रस्त्यावर बघा, चहा घ्या, मग पुढचा. आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटो-व्हिडिओवरून माणिक कधीच पसंत करू नका, मोबाईल कॅमेऱ्याला गडद लाल रंग नीट पकडता येत नाही.

४. रंगात नेमकं काय बघायचं

तीन गोष्टी वेगवेगळ्या बघा: झाक कुठली आहे, गडद किती आहे आणि रंग किती भरलेला आहे.

झाक: शुद्ध लाल किंवा लालमध्ये किंचित जांभळी झाक असलेलं माणिक सगळ्यात वरचं समजतात. नारिंगी झाक जास्त असेल तर भाव उतरतो, तपकिरी झाक तर नकोच. खडा बोटांत फिरवलात तर एका बाजूने जांभळट लाल आणि दुसऱ्या बाजूने नारिंगी लाल दिसू शकतो, तो दोष नाही, माणकाचा स्वभावच तसा आहे. समोरून, म्हणजे अंगठीत जसा दिसेल तसा, रंग कसा आहे ते महत्त्वाचं.

गडदपणा: खडा चिमट्यात धरून हात लांब करा. हातभर अंतरावरून तो काळा दिसत असेल तर बोटातही काळाच दिसणार. फार फिका असेल तर वेगळाच प्रश्न येतो, लॅब त्याला माणिक न म्हणता पिंक सफायर, म्हणजे गुलाबी नीलम, म्हणू शकते. गुलाबी आणि लाल यांच्यातली रेघ कुठे मारायची यावर जगात एकमत नाही, प्रत्येक लॅबचे स्वतःचे नमुने खडे असतात. म्हणून "गुलाबी माणिक" म्हणून जे दाखवतात त्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय माणकाचा भाव देऊ नका.

भरलेपणा: हा शब्दात सांगणं अवघड आहे. सटाणा-देवळ्याकडचं भगवा जातीचं डाळिंब फोडल्यावर पिकलेल्या दाण्याचा जो ताजा रसरशीत लाल दिसतो, त्या दिशेचा रंग हवा. दाणा शिळा झाला की लाल राहतो पण करडेपणा येतो, तसा करडेपणा खड्यात असेल तर सोडून द्या.

पिजन ब्लड, म्हणजे कबुतराच्या रक्तासारखा लाल, हा शब्द सगळेच वापरतात. त्याचेही निकष लॅबनुसार वेगळे असतात, त्यामुळे चांगल्या लॅबच्या रिपोर्टवर छापलेला असेल तरच त्याला किंमत, दुकानदाराच्या तोंडचा असेल तर ते नुसतं कौतुक समजा.

आणखी दोन झटपट गोष्टी. खडा छापील पेपरवर ठेवून वरून बघा, मधल्या भागातून अक्षरं आरपार दिसत असतील तर पैलू नीट पाडलेले नाहीत, मधोमध रंग धुतल्यासारखा दिसेल. आणि खडा उलटा, म्हणजे पसरट तोंड खाली करून, पांढऱ्या कागदावर ठेवा, रंग सगळीकडे सारखा आहे की एकाच कोपऱ्यात साठलाय ते लगेच दिसतं. खालचा भाग उगाच फुगीर आहे का तेही बघा, त्या पोटाचं वजन तुम्ही विकत घेता पण ते कोंदणात दडून जातं.

५. ट्रीटमेंटचे प्रकार समजून घ्या

दुकानात "थोडं ट्रीटेड आहे" एवढंच सांगतात. थोडं म्हणजे काय हे तुम्हीच विचारायचं. वरून खाली असा क्रम लावा.

*अनहीटेड*, काहीच न केलेलं. दुर्मिळ, सगळ्यात महाग. त्याच रंगाच्या आणि स्वच्छतेच्या तापवलेल्या खड्यापेक्षा भाव कितीतरी पट असू शकतो, आणि हा दावा लॅबशिवाय कोणी सिद्ध करू शकत नाही.

*फक्त हीटेड.* श्रीलंकेत कोळशाच्या विस्तवावर फुंकणीने हवा देऊन खडे तापवायची पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे. आता भट्टीत १८०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. याने जांभळटपणा कमी होतो, आतल्या बारीक सुयांसारख्या रेषा विरघळतात, खडा स्वच्छ दिसतो. हा बदल कायमचा आहे, रंग उडत नाही, वेगळी काळजी लागत नाही. सांगून विकलं तर पूर्णपणे सरळ व्यवहार.

*हीट आणि फ्लक्स.* बर्मातल्याच मोंग सू भागातली माणकं १९९० च्या दशकात बाजारात आली, त्यांच्या पोटात निळसर काळा भाग असायचा, तो तापवून काढत. तापवताना टाकणखारासारखे पदार्थ वापरले की ते चिरांमध्ये उतरतात, चीर सांधली जाते आणि थोडा काचेसारखा अंश आत राहतो. तो अंश किती आहे त्यावर किंमत. लॅब रिपोर्टमध्ये थोडा, मध्यम, जास्त असं लिहिलेलं असतं. थोडा असेल तर लोक घेतात, जास्त असेल तर मी नाही म्हणेन.

*ग्लास फिल्ड.* इथे थांबून नीट वाचा. २००४ च्या आसपास ही माणकं मोठ्या प्रमाणात आली. अगदी हलका, चिरांनी भरलेला, अपारदर्शक कच्चा माल घेतात, आम्लाने धुतात, शिशाची काच वितळवून चिरांत भरतात. शिसंच का, तर शिसं घातलेल्या काचेतून प्रकाश जवळजवळ माणकासारखाच वळतो, त्यामुळे चीर डोळ्यांना दिसेनाशी होते. कालपर्यंत दगडासारखा दिसणारा खडा एकदम पारदर्शक लाल. काही लॅब अशा खड्याला माणिक न म्हणता माणिक आणि काचेचं मिश्रण म्हणतात, ते मला पटतं, कारण काच काढली तर काही खड्यांचे तुकडे पडतील.

याचा भाव कॅरेटला शेकड्यांत असतो. बाजारात बऱ्याचदा "न्यू बर्मा" अशा नावाने मिळतं. हे नाव ऐकलं की पहिला प्रश्न, "काका, यात काच भरलीय का?"

आणि हे टिकत नाही. काच आम्लाने खराब होते, लिंबाच्या रसानेसुद्धा. स्वयंपाकघरात अंगठी घालून वावरणाऱ्या बाईच्या बोटात हा खडा काही काळाने पांढरट जाळ्यांचा दिसायला लागतो. सोनाराने झारण, म्हणजे सोन्याचं जोडकाम, करताना बत्ती जवळ नेली की काच बाहेर येते. साफ करायच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकला तरी धोका.

*रंग किंवा तेल.* चिरांत लाल तेल किंवा रंग सोडलेला असतो, अपारदर्शक स्वस्त खड्यांत आणि माळांमध्ये जास्त. याशिवाय बेरिलियम हा पदार्थ तापवताना खड्यात मुरवून झाक बदलतात, ते मात्र साध्या भिंगाला दिसणं शक्य नाही, मोठ्या लॅबमध्येच कळतं.

६. भिंगातून काय दिसतं

भिंग डोळ्याला अगदी टेकवून धरा आणि खडा चिमट्यात धरून हळूहळू जवळ आणा. मागून-बाजूने टॉर्चचा उजेड द्या. सुरुवातीला काहीच कळत नाही, दुकानदाराला सांगा की आधी एक ग्लास फिल्ड आणि एक हीटेड असे दोन्ही दाखवा. दोन्ही शेजारी शेजारी बघितले की फरक डोक्यात बसतो, दहा लेख वाचून बसणार नाही.

- खडा हलवताना आत निळे किंवा जांभळट चमकारे येऊन जातात: काच भरलेली
- चिरांच्या जाळ्यात गोल किंवा चपटे हवेचे बुडबुडे: काच भरलेली
- वाकड्या, कमानदार बारीक रेषा, त्याही एकमेकांना समांतर, किंवा सुटे गोल बुडबुडे: भट्टीतलं माणिक. खाणीतल्या माणकाच्या वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात असतात
- आत बारीक सुयांची अखंड, टोकदार जाळी, तिला रेशीम म्हणतात: जास्त तापवलेलं नसण्याची शक्यता, पण ही फक्त शक्यता
- काहीच दिसत नाही, आरशासारखं स्वच्छ, मोठं आणि स्वस्त: सावध व्हा. खाणीतल्या माणकात काही ना काही असतंच

भिंगाने वाईट खडा बाद करता येतो, चांगला सिद्ध करता येत नाही. कमी तापमानाला तापवलेलं माणिक अनुभवी माणसालाही भिंगातून ओळखू येत नाही.

७. या टेस्टवर विश्वास ठेवू नका

दुधात टाकलं की दूध गुलाबी दिसतं: कुठलाही लाल पारदर्शक खडा टाका, तसंच दिसेल.

काचेवर रेघ उमटते: भट्टीतल्या माणकाचाही कडकपणा (मोह्स या १० पर्यंतच्या मापावर) ९ च, तोही रेघ ओढतो.

पापणीवर ठेवलं की गार लागतं: भट्टीतलंही तितकंच गार लागतं, कारण रसायन तेच.

यूव्ही टॉर्चखाली लाल चमकतं: हो, खरं माणिक चमकतं. भट्टीतलं तर कधीकधी त्याहून जास्त चमकतं, आणि लोह जास्त असलेलं खरं माणिक जवळपास चमकतच नाही. लाल स्पिनेल हा माणकासारखा दिसणारा वेगळाच खडा, तोही चमकतो. या टॉर्चचा उपयोग एवढाच, की अजिबात न चमकणारा खडा गार्नेट (दुसराच एक लाल खडा) किंवा साधी काच तर नाही ना अशी शंका घेता येते.

रामकुंडाच्या परिसरात, त्र्यंबकेश्वरला देवळाच्या वाटेवर रुद्राक्ष आणि खडे विकणारे बसतात, सिंहस्थाच्या काळात तर खूपच. तिथे असे प्रयोग करून दाखवतात. आठवण म्हणून शंभर-दोनशेचा खडा घ्यायचा तर घ्या, हजारो रुपये देऊ नका, कारण परत जाल तेव्हा तो माणूस तिथे सापडेलच असं नाही.

८. लॅब रिपोर्ट, आणि तो वाचायचा कसा

काही हजारांच्या वरचं माणिक असेल तर रिपोर्ट घ्याच. मुंबईत जीआयए आणि आयजीआय यांच्या लॅब आहेत, जयपूरला आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आहे. महागड्या अनहीटेड खड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या एसएसईएफ, ग्युबलिन यांचे रिपोर्ट बाजारात मानले जातात. स्वतः मुंबईला जायचं असेल तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन खडा जमा करून संध्याकाळी परत येता येतं, पण आधी फोन करून किती दिवस लागतील, फी किती, खडा परत कसा मिळेल ते विचारा. बरेच दुकानदार स्वतःच पाठवून रिपोर्ट करून देतात, तेही चालतं, मात्र लॅब कुठली ते तुम्ही सांगा.

व्यवहार असा ठरवा: थोडा विसार द्या, पावतीवर लिहून घ्या की "रिपोर्टमध्ये अमुक आलं तरच सौदा पक्का, नाहीतर विसार परत". फी कोण देणार तेही लिहा.

रिपोर्ट हातात आला की या ओळी शोधा:

प्रजाती कोरंडम आणि प्रकार रुबी लिहिलंय का. नॅचरल लिहिलंय का सिंथेटिक. आणि मग सगळ्यात महत्त्वाची ट्रीटमेंटची किंवा कॉमेंट्सची ओळ, जी बहुतेक खाली बारीक अक्षरात असते. तिथे "तापवल्याच्या खुणा नाहीत" अशा अर्थाचं वाक्य असेल तर अनहीटेड. "तापवल्याच्या खुणा आहेत" असेल तर हीटेड. ग्लास, फिल्ड, क्लॅरिटी एन्हान्स्ड, कंपोझिट यातला कुठलाही शब्द आला तर ते काचभरलं समजून चला आणि स्पष्ट खुलासा मागा. ती ओळच नसेल, नुसतं "नॅचरल रुबी" असेल, तर तो रिपोर्ट तुमच्या कामाचा नाही. प्लास्टिक कार्डाएवढ्या छोट्या सर्टिफिकेटवर हे फार दिसतं.

रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाईटवर टाकून तपासा. आणि खडा तोच आहे का ते बघा, वजन दोन दशांशापर्यंत जुळलं पाहिजे, लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये जुळली पाहिजे. खऱ्या रिपोर्टसोबत भलताच खडा देणं अवघड नाही, म्हणून काट्यावर तुमच्यासमोर वजन करून घ्या.

खाणीचा देश लिहिला असेल तर छान, पण त्याच्या मागे फार लागू नका. बर्मा म्हटलं की भाव चढतो हे खरं, पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ४८ लाख डॉलरला गेलेलं ५५.२२ कॅरेटचं माणिक मोझांबिकचं होतं. आणि बर्माची माणकंही वाईट असतात, त्यांच्यावरही ट्रीटमेंट होते.

९. रत्ती आणि कॅरेट

इथे हिशोबात गडबड होते. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, जगभर एकच. रत्तीचं तसं नाही, खड्यांच्या बाजारात रत्ती साधारण ०.९१ कॅरेटची धरतात, सोन्याच्या मापातली रत्ती त्याहून लहान, सुमारे ०.६१ कॅरेट. सव्वा पाच रत्ती खड्यांच्या मापाने साधारण ४.७८ कॅरेट होतात. म्हणून एका दुकानात रत्तीचा भाव आणि दुसऱ्यात कॅरेटचा भाव ऐकून तुलना करू नका, दोन्हीकडे कॅरेटचाच भाव विचारा आणि एकूण रक्कम लिहा. वजन वाढतं तसा दर कॅरेटमागेही वाढतो, २ कॅरेटचा खडा १ कॅरेटच्या दुप्पट किमतीत मिळत नाही, त्याहून जास्त पडतो.

१०. बिलावर काय लिहून घ्यायचं

- "नैसर्गिक माणिक" आणि त्यापुढे ट्रीटमेंट स्पष्ट शब्दात: अनहीटेड, फक्त हीटेड, काच भरलेली नाही, जे असेल ते
- वजन कॅरेटमध्ये, माप मिलिमीटरमध्ये
- खड्याची किंमत, सोन्याची किंमत, मजुरी, जीएसटी वेगवेगळे
- रिपोर्ट नंबर
- परत घेणार का, किती दिवसांत, किती कापून

सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) फक्त सोन्याच्या शुद्धतेबद्दल सांगतो, खड्याबद्दल एक अक्षर नाही. "हॉलमार्क अंगठी आहे ना, मग माणिक खरंच" असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. अंगठीचं एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर खड्याचं वजनही सोन्याच्या भावात मोजलं जातं.

पैसे बँकेतून द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला दुकानदाराला कायद्याने बंदी आहे, आणि पुढे वाद झाला तर बँकेची नोंद तुमच्याच कामी येते. फसवणूक झालीच तर आधी लेखी पत्र द्या, मग ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. या सगळ्याला आधार एकच, बिलावरचे शब्द. "कच्च्या पावतीवर घ्या, जीएसटी वाचेल" याला नाही म्हणा.

११. कोंदणात बसवताना

कारागिराला खडा देण्याआधी ट्रीटमेंट काय आहे ते सांगा. अंगठीचं झारण आधी आणि खडा शेवटी, हा क्रम पाळायला सांगा. पुढे कधी माप लहान-मोठं करायचं झालं तर खडा काढून मगच बत्ती लावायची, कारण तापलेला टाकणखार किंवा बोरिक लागलं तर चांगल्या माणकाचाही पृष्ठभाग खरवडतो, काचभरल्याचं तर काही उरतच नाही. देताना खड्याचा भिंगातून एक जवळचा फोटो काढून ठेवा, आतली एखादी ठळक खूण, रेषा किंवा ठिपका कुठे आहे ते लिहून ठेवा, परत आल्यावर तीच खूण शोधा.

पाठ शक्यतो उघडी ठेवा, उजेड खालूनही येतो आणि खडा खुलतो. पत्रिकेसाठी घालणारे खडा बोटाला टेकला पाहिजे म्हणतात, त्यांनाही उघडंच कोंदण लागतं. साफ करायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. तापवलेल्या आणि न तापवलेल्या माणकाला त्याने काही होत नाही. हिऱ्याबरोबर एकाच डबीत मात्र ठेवू नका, तो माणकावर सहज चरा पाडू शकतो.